किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा मोजायचं काम: नवीन स्वयंसेवकांसाठी धागा

भरतीरेषा

किनारे साफ करण्याच्या मोहिमांवर इथे अधूनमधून लिहिलं जातं. आज त्याच्या शेजारच्या कामाबद्दल लिहिते, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही: वाहून आलेला कचरा ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, परत परत मोजणं. काही वर्षं मी हे काम स्वयंसेवक म्हणून करते आहे आणि आता नवीन येणाऱ्यांना शिकवतेही. दर वेळी तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

मोहिमेत माणसं जिथे घाण जास्त तिथे जातात, पोती भरतात आणि शेवटी वजन सांगतात. काम मोलाचंच आहे. पण त्या वजनात ओली वाळू असते, आणि भिजलेलं एखादं जाळं हाती लागलं की आकडा एकदम फुगतो. कचऱ्यात नक्की काय होतं, गेल्या वर्षीपेक्षा वाढलं की घटलं, यातलं काहीच त्या वजनावरून सांगता येत नाही. 1986 साली टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरेनिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी मोहीम काढली, तेव्हा त्यांनी स्वयंसेवकांना नोंदीची कार्डं दिली आणि सापडलेली प्रत्येक वस्तू त्यावर लिहायला लावली. आज सप्टेंबरमध्ये जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम तिथूनच सुरू झाली. पहिल्याच दिवशी कार्ड हातात देणं ही त्या दोघींची मोठी दूरदृष्टी होती असं मला मनापासून वाटतं.

सध्या ज्या पद्धती जास्त चालतात त्यातल्या दोन सांगते. अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेची एक, आणि ईशान्य अटलांटिकभोवतीच्या देशांच्या 'ऑस्पार' कराराची दुसरी. दोन्हींत किनाऱ्याचा 100 मीटर लांबीचा तुकडा ठरवून घेतात आणि मग तो बदलत नाहीत. ऑस्पारवाले वर्षातून चार वेळा, दर ऋतूत एकदा, त्या तुकड्यातली दिसेल ती वस्तू उचलून लांबलचक यादीत नोंदवतात. यादीत शंभराहून जास्त प्रकार आहेत. नोआच्या पद्धतीत 100 मीटरचे 5 मीटर रुंदीचे 20 पट्टे धरतात आणि दर खेपेला त्यातले 4 चिठ्ठ्या टाकून काढतात. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेपासून मागे झाडी, वाळूची टेकडी किंवा भिंत लागेपर्यंत पट्टा चालायचा. 2.5 सेंटीमीटर किंवा त्याहून मोठं, म्हणजे साधारण बाटलीच्या झाकणाएवढं काहीही दिसलं की नोंद. साधारण महिन्यातून एकदा फेरी.

चिठ्ठ्यांचं महत्त्व नवीन लोकांना पटत नाही. "आज 7 नंबरच्या पट्ट्यात बघा ना किती पडलंय, तोच घेऊ," असं हमखास कुणीतरी म्हणतं. असं दोन-तीनदा झालं की ती नोंद किनाऱ्याची राहत नाही, आपल्या नजरेची होते. चिठ्ठीत 3 आला आणि 3 मध्ये काहीच नसेल, तर 3 चालायचा आणि शून्य लिहायचं. शून्य लिहिलेला कागद माझ्या लेखी भरलेल्या कागदाइतकाच किमती आहे. "काही नव्हतं म्हणून फॉर्म भरला नाही" असं कुणी केलं, की नंतर बघणाऱ्याला त्या महिन्यात किनारा स्वच्छ होता की कुणी गेलंच नव्हतं ते कळायला मार्ग नसतो.

जागा निवडताना सगळ्यात घाण जागा निवडू नका. वाळू किंवा बारीक गोट्यांचा, मध्यम उताराचा, बाराही महिने सुरक्षितपणे जाता येईल असा, जवळ धक्का किंवा बंधारा नसलेला आणि शक्यतो दुसरं कुणी नियमित झाडत नसलेला तुकडा हवा. झाडत असतील तर कधी झाडतात ते तरी माहीत हवं.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

निवांत_वाचक

चांगला धागा. एक मनापासून विचारतो. समोर प्लास्टिक दिसतंय, आपण वाकून ते मोजायचं आणि तसंच सोडून पुढे जायचं? माझ्याच्याने ते होणार नाही.

भरतीरेषा

सोडून जायची सक्ती कुणीच करत नाही. ऑस्पारच्या पद्धतीत तर मोजलेलं सगळं उचलतातच. प्रश्न फक्त इतकाच की एकदा उचललं आणि पुढच्या महिन्यात तसंच ठेवलं, तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. उचलल्यानंतरच्या आकड्यात महिनाभरात नव्याने आलेलं असतं, तसंच ठेवल्यानंतरच्या आकड्यात साचलेलं. दोन्ही माहिती उपयोगाची आहे, पण ती वेगवेगळी माहिती आहे. म्हणून सुरुवातीलाच ठरवा आणि दर खेपेला फॉर्मवर लिहा: उचललं की नाही, किती भागातलं उचललं. आमच्या गटात आम्ही आधी मोजतो, कागद पिशवीत जातो, आणि मग सगळे मिळून पूर्ण 100 मीटर साफ करतो. दर वेळी तसंच.

शंखवेडा

मी गेल्या वर्षापासून एका गटाबरोबर जातो. सोबत काय न्यायचं ते लिहितो, कारण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लांब टेप, जाड हातमोजे, क्लिपबोर्ड, आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि शाईचं पसरतं. तुकड्याच्या दोन्ही टोकांचे जीपीएस आकडे पहिल्या दिवशी घेऊन ठेवा, शिवाय मागच्या बाजूला न हलणाऱ्या खुणांचे फोटो काढा. वाळूत खुंट ठोकून ठेवू नका. ते वाहून जातात आणि आपलाच कचरा होतो. ज्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात तिथे तर खणणं, ठोकणं, दाताळं फिरवणं काहीच नको.

मोजताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हीच सगळ्यात सोपी रीत. एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्याने लिहू नये, नजर खाली गेली की पाच पावलांतलं निसटतं.

भरतीच्या रेघेवर वाळलेलं शेवाळ साठतं ना, त्याच्याजवळ वेळ घ्या. वरून नुसतं तपकिरी दिसतं, पण काठीने हलकेच उचललं की आत दोरीचे तुकडे, झाकणं आणि वेष्टनं अडकलेली असतात. शेवाळ मात्र परत जागेवर ठेवा. त्यात बारीक जीव राहतात आणि पक्षी तिथेच टिपतात.

पाणकोंबडी

वाचतेय. तुटलेल्या तुकड्यांचं काय करता? एक बाटली फुटून वीस तुकडे झाले असतील तर वीस लिहायचे का?

भरतीरेषा

पाणकोंबडीताई, सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. नियम असा: तुकडा कशाचा ते ओळखू येत असेल तर ती वस्तू. बाटलीचं तोंड आट्यांसकट सापडलं, तर बाटली. ओळखू येत नसेल तर 'तुकडे' या सदरात, आणि तिथे पुन्हा कडक, फोमचा, की पातळ पापुद्र्यासारखा ते वेगळं लिहायचं. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक हातात घेतल्यावर मोडलं तर ते एकच. सापडलं तसं मोजायचं, आपण मोडलं तसं नाही.

ओळखण्याचं एक उदाहरण. पांढरी किंवा निळी बारीक नळी सापडते. बरेच जण ती लॉलीपॉपची काडी म्हणून लिहितात. टोकं बघा. कान साफ करायच्या काडीच्या दोन्ही टोकांना कापूस धरून ठेवायला बारीक खाचा असतात, बोटाच्या नखाला लागतात. लॉलीपॉपची काडी सहसा जाड असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कानाची काडी बहुतेक वेळा संडासात टाकलेली असते आणि सांडपाण्याच्या जाळीतून निसटून समुद्रात येते. लॉलीपॉपची काडी किनाऱ्यावर आलेल्या माणसाने टाकलेली असू शकते. चुकीच्या सदरात गेली की दोष चुकीच्या ठिकाणी जातो.

सुकाणू

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. असल्या मोजण्यांतून शेवटी 'मच्छीमारांचा कचरा इतके टक्के' असा आकडा निघतो आणि बोट आमच्याकडे वळतं. जाळी समुद्रात जातात हे खरं आहे, नाकारत नाही. पण जाळं कुणी हौसेने टाकत नाही. जाळं म्हणजे भांडवल आहे, खडकाला अडकून तुटलं की त्या घराचा हंगाम जातो. तुमच्या यादीत हा फरक दिसतो का?

भरतीरेषा

सुकाणू, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. फरक दिसू शकतो, नोंद बारकाईने केली तर. दोरीचा तुकडा सापडला की आम्ही टोकं बघायला शिकवतो. सुरीने सरळ कापलेली दोन्ही टोकं आणि वीतभर लांबी, असे बरेच तुकडे एकत्र दिसले, तर ते बहुधा जाळं दुरुस्त करताना छाटलेले असतात. पिंजलेलं, ताणून तुटलेलं टोक असेल तर ते झिजून किंवा अडकून तुटलेलं. पहिल्यावर उपाय अगदी साधा आहे, बोटीवर छाटणं टाकायला डबा आणि बंदरात तो रिकामा करायची फुकट सोय. दुसऱ्यावर उपाय वेगळा. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर केशरी आणि निळे धाग्यांचे झुबके फार सापडतात. तळावरून ओढायच्या जाळ्याची पिशवी घासू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूला हे धागे बांधतात, आणि ते झिजून तुटतात. नोंदीत ते वेगळे दिसले म्हणून त्यांना पर्याय शोधायचं काम तरी सुरू झालं. नुसतं 'मासेमारीचा कचरा' लिहिलं असतं तर मच्छीमार बदनाम झाले असते आणि हाती काही लागलं नसतं.

बोटीवरून प्लास्टिक समुद्रात टाकायला जगात सगळीकडे बंदी आहे, जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखायच्या आंतरराष्ट्रीय मारपोल कराराचं पाचवं परिशिष्ट 31 डिसेंबर 1988 पासून लागू आहे. पण बंदरात टाकायची सोय नसेल तर कायदा एकटा पुरा पडत नाही, हे तुमच्या लोकांनाच जास्त ठाऊक.

सुकाणू

टोकं बघून लिहिता हे माहीत नव्हतं. मग तुमच्या गटात एखादा जाळं विणणारा माणूस घ्या. कुठला तुकडा कशाचा ते एका नजरेत सांगेल.

भरतीरेषा

नक्की. हे आधीच व्हायला हवं होतं.

सरासरी

आकड्यांच्या बाजूने थोडं. मी स्वतः किनाऱ्यावर कमी आणि आलेल्या नोंदींवर जास्त काम करतो.

नोआच्या पद्धतीत 4 पट्टे म्हणजे 100 पैकी 20 मीटर. समजा चार पट्ट्यांत मिळून 46 वस्तू मिळाल्या, तर 100 मीटरला अंदाजे 230. हा अंदाज एका फेरीपुरता फार डळमळीत असतो. एखाद्या पट्ट्यात कुणी फाटकी पिशवीभर वेष्टनं टाकलेली असली की सगळं वर जातं. म्हणून एका फेरीवरून कुणी निष्कर्ष काढू नये. खरी किंमत वर्षानुवर्षांच्या मालिकेला आहे. युरोपीय महासंघाने किनाऱ्यासाठी जी मर्यादा 2020 मध्ये ठरवली, 100 मीटरला 20 वस्तू, तीही सरासरीवर नाही तर मध्यकावर (आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो त्यावर) तपासतात, म्हणजे एखाद्या वादळाच्या फेरीने चित्र बिघडत नाही.

दुसरी गोष्ट. महिन्यातून एकदा मोजलेलं म्हणजे त्या महिन्यात आलेलं सगळं, असं समजू नका. किनारा सतत घेतो आणि परत देतो. काही वस्तू वाळूखाली गाडल्या जातात आणि पुढच्या उधाणात उघड्या पडतात, काही पुन्हा पाण्यात जातात. ज्या ठिकाणी रोज उचलून मोजलं गेलं तिथे महिन्याची बेरीज एकदाच मोजण्यापेक्षा कितीतरी जास्त भरली. म्हणून अंतर सारखं ठेवणं महत्त्वाचं.

आणि कृपया शेरे लिहा. गेल्या आठवड्यात वारा कुठून होता, वादळ झालं का, कुणी मोहीम काढली होती का, नदीला पूर होता का, किती जण मोजत होते. माझ्यापर्यंत कोरे शेरे आणि एकदम दहापट झालेला आकडा येतो तेव्हा मला काहीच करता येत नाही.

पाणकोंबडी

सगळं पटतंय, पण मनात एक खंत राहतेच. आपण मोजतो, आकडे कुठेतरी जातात, आणि कारखाने तेच बनवत राहतात. मोजून खरंच कुठे काही बदललंय का?

सरासरी

बदललंय, आणि थेट बदललंय. युरोपात 2016 मधल्या किनाऱ्यांवरच्या नोंदी एकत्र करून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कुठल्या वस्तू सगळ्यात जास्त सापडतात ते काढलं गेलं. कचऱ्याच्या मोजलेल्या वस्तूंपैकी 80 ते 85 टक्के प्लास्टिक निघालं. एकूण वस्तूंतल्या निम्म्या एकदाच वापरून फेकायच्या होत्या, आणि 27 टक्के मासेमारीशी संबंधित. त्या यादीवर 2019 चा कायदा उभा राहिला. 3 जुलै 2021 पासून प्लास्टिकच्या कानकाड्या, काटे-चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, ढवळण्या, फुग्यांच्या काड्या तिथे बाजारात आणता येत नाहीत. हल्ली तिकडच्या बाटल्यांची झाकणं उघडली तरी बाटलीलाच लटकून राहतात, ते 3 जुलै 2024 पासून बंधनकारक झालं. सुटी झाकणं किनाऱ्यावर इतकी सापडत होती म्हणूनच.

ब्रिटनमध्ये पिशव्यांवर शुल्क लागलं, त्यानंतर स्वयंसेवकांच्या मोजणीत किनाऱ्यावरच्या पिशव्यांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. आता बघा, शुल्काआधीची मोजणी नसती तर उपाय लागू पडला हे कुणाला सांगता आलं असतं? भरतीरेषाताईंचा शून्याचा कागद इथे कामी येतो.

भरतीरेषा

यात एकच भर. सिगारेटची थोटकं आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या यादीत वर्षानुवर्षं पहिली होती. 2019 च्या नोंदींत पहिल्यांदाच खाद्यपदार्थांची वेष्टनं त्यांच्या पुढे गेली. हे सांगायला कुठलं महागडं यंत्र लागलं नाही, लाखो माणसांनी कागदावर मारलेल्या रेघा लागल्या.

खडू_फळा

मी शाळेत शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हे करता येईल का? त्यांच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवेल का, ही माझी मुख्य शंका.

सरासरी

ठेवतात, तपासून. चिलीमध्ये शाळकरी मुलांचा असा उपक्रम चालतो. तिथे सुमारे हजार मुलांनी देशभरच्या किनाऱ्यांवर, अगदी ईस्टर बेटावरही, वाळू चाळून प्लास्टिकचे बारीक कण गोळा केले. नमुने प्रयोगशाळेत पुन्हा मोजले गेले आणि निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. मुलं कंटाळत नाहीत हाही अनुभव आहे, फक्त काम लहान ठेवा आणि पद्धत आधी वर्गात पक्की करून घ्या.

भरतीरेषा

सर, जरूर घेऊन जा, पण सुरक्षेचे नियम आधी, मोजणी नंतर. सुई, सिरिंज, बंद पिंप, लेबल नसलेला डबा, धुराच्या किंवा उजेडाच्या इशाऱ्याची नळकांडी, मेलेला प्राणी, निळसर फुग्यासारखा दिसणारा जीव: हात लावायचा नाही, फोटो, जागेची नोंद आणि जबाबदार यंत्रणेला फोन. बाल्टिक समुद्राच्या काही किनाऱ्यांवर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस अजून वाहून येतो. तो अंबर या पिवळसर, खड्यासारख्या दिसणाऱ्या राळेसारखा दिसतो, लोक खिशात घालतात, आणि सुकला की पेट घेतो. म्हणून 'ओळखीचं वाटतं' एवढ्यावर काही उचलू देऊ नका.

अर्धं वाळूत गाडलेलं जाळं मुलांना ओढू देऊ नका. नोंद करा, मोठ्या वस्तूंसाठी वेगळं सदर असतं. आणि भरती सुरू व्हायच्या आत परत. पूर्ण ओहोटीच्या साधारण तासभर आधी सुरुवात केली की पुरेसा वेळ मिळतो.

शंखवेडा

भरतीरेषाताई, बारीक पांढरे दाणे दिसतात, साबुदाण्याएवढे. ते 2.5 सेंटीमीटरपेक्षा लहान असतात म्हणून आम्ही सोडून देतो. बरोबर आहे का?

भरतीरेषा

मुख्य फॉर्मवर नको, पण सोडूही नका. ते बहुधा प्लास्टिकच्या कारखान्यांचा कच्चा माल असतो, 2 ते 5 मिलिमीटरचे दाणे. वाहतुकीत सांडतात. 2021 मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजाला आग लागली आणि ते बुडालं, तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर हे दाणे बर्फ पडल्यासारखे साचले होते.

यांच्यासाठी वेगळे उपक्रम आहेत. जपानमधले प्राध्यापक हिदेशिगे ताकादा 2005 पासून जगभरच्या लोकांकडून असे दाणे टपालाने मागवतात. समुद्रात असताना दाण्यांवर पीसीबी, डीडीटी अशी विषारी रसायनं चिकटतात, त्यामुळे दाणा त्या पाण्याचा नमुनाच होतो. पिवळट पडलेले शंभर-दोनशे दाणे चिमट्याने वेचून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचे. पिवळट अशासाठी की ते बहुधा जास्त काळ पाण्यात राहिलेले असतात.

कुठून आलं ते शोधताना आणखी एक काळजी घ्या. बारकोडचे पहिले तीन अंक बघून बरेच जण 'अमुक देशाचा कचरा' असं लिहून मोकळे होतात. ते अंक कंपनीने बारकोड कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतात. माल कुठे बनला, कुठे विकला आणि कुणी फेकला यातलं काहीच नाही. लेबलाचा फोटो काढा, भाषा आणि तारीख लिहा, देशाचं नाव ठोकून देऊ नका. वस्तूवर देठाने चिकटलेल्या शिंपल्यांची दाटी असेल तर तीही नोंदवा. ते जीव तरंगणाऱ्या वस्तूवरच वाढतात, म्हणजे ती वस्तू काही काळ खुल्या पाण्यात होती हे नक्की.

निवांत_वाचक

जवळपास असा गट नसेल तर? आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझा भाऊ.

भरतीरेषा

दोघं पुरेसे आहात. वर लिहिलंय तसा 100 मीटरचा तुकडा निवडा, परवानगी लागत असेल तर घ्या, नोआ किंवा ऑस्पारची मार्गदर्शिका उतरवून घ्या, दोन्ही फुकट मिळतात. जॉर्जिया विद्यापीठात तयार झालेलं 'मरीन डेब्री ट्रॅकर' अॅपही चालेल, प्रत्येक वस्तूबरोबर जागा आपोआप नोंदली जाते. फक्त किती लांबीचा तुकडा चाललात ते त्यात लिहायला विसरू नका, नाहीतर नुसत्या ठिपक्यांतून घनता काढता येत नाही. वर्षभर सांभाळता येईल तेवढंच अंगावर घ्या. तीन किनारे तीन महिने करण्यापेक्षा एक किनारा तीन वर्षं करा.

पहिल्या दिवशी खरी मोजणी नको. दोघांनी तोच पट्टा वेगवेगळा चाला, न बोलता, आणि शेवटी कागद शेजारी ठेवा.

निवांत_वाचक

आणि दोघांचे आकडे वेगळे आले तर कुणाचा धरायचा?

भरतीरेषा

कुणाचाच नाही. पट्टा परत एकत्र चाला आणि फरक कुठे पडला ते शोधा. बहुतेक वेळा तो पारदर्शक पापुद्र्यांत, वाळूच्या रंगाच्या फोममध्ये आणि मागच्या झाडीच्या कडेला सापडतो. आकडे जवळजवळ सारखे यायला लागले की त्या दिवसापासून फॉर्म भरायला घ्या.